आधी भाकीत, मग सौदा

आमच्या साहेबांना घड्याळ दाखवलं की त्यात किती वाजले हे सोडून बाकी सगळं दिसायचं. "हे आज प्रेशर कुकर आहे," समोरच्याचं मनगट हातात धरून ते म्हणायचे, "पाच लिटरचा नाही हं, तीनचा. दहा वर्षांनी मिक्सर होईल. पंचवीस वर्षांनी स्कूटर. तेवढा दम धरा." एवढं बोलून मनगट सोडायचे आणि आपला डबा उघडायचे. ज्याचं मनगट धरलेलं असे तो बिचारा कॅन्टीनमध्ये घास हातात घेऊन स्वतःच्याच घड्याळाकडे बघत बसायचा, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको अचानक नव्याने दिसावी तसा.

रुपयांत ते कधीच बोलत नसत. "रुपयाचा काय भरवसा? तो दर साल रोडावतो. कुकर कुकरच राहतो. आणि माणसाला कुकर समजतो."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला एमआयडीसीत औषधांची एक कंपनी होती. तिच्या परचेस खात्यात मी टायपिस्ट म्हणून चिकटले, आणि साहेब त्या खात्याचे ऑफिसर. उंच, मानेत जरासे वाकलेले, कायम पांढरा बुशशर्ट आणि खिशात पेनाच्या शेजारी एक भिंग. कंपनीला लागणाऱ्या बाटल्या, झाकणं, खोकी, लेबलं सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. भाव पाडण्यात हा माणूस इतका कसाई होता की खोक्यांचा सप्लायर जिना चढताना देवाचं नाव घ्यायचा. साहेबांची एक रीत होती. मनासारखा भाव मिळाल्याशिवाय सप्लायरला चहा सांगायचा नाही. आमच्या शिपायाला हे पाठ होतं. बाहेरून कोणी विचारलं, "आत काय चाललंय?" तर तो नुसता रिकामा ट्रे दाखवायचा.

आणि हाच माणूस रविवारी सकाळी घड्याळं विकत घ्यायला निघाला की उलटा व्हायचा. विकणाऱ्याला सांगायचा, अहो विकू नका.

तो काळ आठवतो का? चावीच्या घड्याळांची वाट लागली होती. सेलची घड्याळं आली होती, आकड्यांची आली होती, आखातात गेलेला प्रत्येक जण येताना मूठभर घेऊन यायचा. आमच्या डिस्पॅचमधल्या एकाकडे गाणारं घड्याळ होतं. कंपनीच्या एका जुन्या डायरेक्टरांच्या शोकसभेत दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं, तेव्हा नेमकं ते वाढदिवसाची धून वाजवायला लागलं. बंद कसं करायचं ते त्याला माहीत नव्हतं. घड्याळ हाताने दाबून तो बाहेर पळाला, तरी जिन्यातून ऐकू येतच होतं. साहेब मान खाली घालून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. बाकीच्यांना वाटलं, गहिवरले.

"सेलचं घड्याळ म्हणजे पेइंग गेस्ट," ते मला नंतर म्हणाले. "मुदत संपली की पिशवी उचलून चालू पडेल. चावीचं घड्याळ म्हणजे घरातली म्हातारी. रोज दोन शब्द बोललं की दिवसभर चालते."

लोक तेव्हा असल्या म्हाताऱ्या घराबाहेर काढत होते. वडिलांचं जुनं घड्याळ देऊन वर चार पैसे घालायचे आणि आकड्यांचं घ्यायचे. कोणी भंगारात द्यायचं. कुर्ल्याला भंगारवाल्यांकडे मी स्वतः एका पत्र्याच्या डब्यात खिळे, कुलपं आणि मनगटी घड्याळं एकत्र पडलेली पाहिली आहेत. अशा काळात एक माणूस दुपारच्या सुट्टीत कोबीची भाजी खाता खाता सांगायचा, की ही घड्याळं एक दिवस काचेत ठेवतील. माणसं रांगा लावतील. आम्ही हसायचो. मी तर अगदी मनापासून हसायचे. साहेबांना राग यायचा नाही. "हसून घे," म्हणायचे, "फुकट आहे."

ते मुलुंडला राहायचे, मी घाटकोपरला. घाटकोपर स्टेशनबाहेरून अंधेरीची बस आम्ही दोघं धरायचो आणि त्या रांगेत माझं घड्याळांचं सगळं शिक्षण झालं. एकदा मी विचारलं, "साहेब, ऑफिसात तुम्ही सप्लायरला रडवता आणि बाहेर विकणाऱ्यालाच विकू नको सांगता. हे काय लॉजिक आहे?"

"सप्लायरला भाव माहीत असतो," ते म्हणाले. "त्याच्याशी कुस्ती करायची. ज्याला भाव माहीतच नाही त्याच्याशी कसली कुस्ती?"

मग थोड्या वेळाने, बस असल्फ्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांच्या वडिलांची गावी रस्त्याकडेला नसलेली एक जमीन होती. मुंबईहून एक गृहस्थ आले, गोड बोलले, घेऊन गेले. पुढच्याच साली तिथून सडक गेली. "त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. कागद चोख होते. भावही त्या दिवशीच्या मानाने वाईट नव्हता. पण माझे वडील मरेपर्यंत त्या सडकेवरून चालले नाहीत. बांधावरून जायचे." एवढंच बोलले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघायचा धीर होईना.

तेव्हापासून त्यांचा नियम होता. आधी भाकीत, मग सौदा. घड्याळ कोणाचंही असो, ते हातात घेऊन आज त्याची काय किंमत आहे आणि पुढे काय होईल, हे विकणाऱ्याला सांगायचं. मग आठ दिवस थांबायचं. आठ दिवसांनीही त्याला विकायचंच असेल तर घ्यायचं. आता मला सांगा, अशाने कोण कलेक्शन करणार? ज्याला पटायचं तो विकायचा नाही आणि ज्याला पटायचं नाही तो साहेबांना वेडा ठरवून दुसऱ्याला विकायचा. गोरेगावला एक म्हातारे लाइटमन होते, आयुष्य स्टुडिओत गेलेलं. कुणा निर्मात्याने खूश होऊन दिलेलं घड्याळ त्यांना काढायचं होतं. साहेबांनी त्यांना सांगितलं, आज हा टेबलफॅन आहे, उद्या फ्रीज होईल, ठेवा. म्हातारा भडकला. "घ्यायचंय तर घे, नायतर जा. सकाळी सकाळी लेक्चर कशाला देतोस?" दुसऱ्या दिवशी त्याने ते फूटपाथवर बसणाऱ्या एकाला टेबलफॅनच्या निम्म्या भावात दिलं.

साहेब सोमवारी दिवसभर उदास होते. मला वाटलं घड्याळ हुकलं म्हणून. "घड्याळ गेलं ते गेलं गं," ते म्हणाले, "पण मला त्या माणसाला पटवता आलं नाही." त्या दिवशी बाटल्यांच्या सप्लायरला आल्याआल्या चहा मिळाला आणि तो इतका घाबरला की चहा तसाच ठेवून गेला.

मुलुंडला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, भिंतभर घड्याळं असतील. निघाला एक बांगड्यांचा लाकडी डबा. त्यात मऊ फडक्यात बांधलेली मोजकी मनगटी घड्याळं. इतक्या वर्षांच्या रविवारांची एवढीच कमाई. वहिनी पोहे घेऊन आल्या आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, यांना भाजी आणायला पाठवायची सोय नाही. भाजीवालीला सांगतील, बाई, आत्ता देऊ नकोस, संध्याकाळी मेथी महागेल."

साहेबांनी एकेक घड्याळ सोडलं. कशाची तबकडी पिवळी पडलेली, कशावर डाग, एकाचे आकडे उडालेले. मला म्हणायचं होतं, हे काय गोळा केलंय? तेवढ्यात ते म्हणाले, "तोंड बघ. एकाचंही तोंड धुतलेलं नाही."

स्टेशनाबाहेर घड्याळ दुरुस्तीवाले बसायचे, ते तबकडी रंगवून द्यायचे. जुना रंग खरवडून काढायचा, नवा पांढरा द्यायचा, आकडे आणि कंपनीचं नाव ब्रशाने परत लिहायचं, वरून केस पॉलिश. लोकांना भारी आवडायचं, झकास नवंकोरं दिसायचं. साहेबांच्या लेखी ते पाप होतं. "पुढे लोक डागाचे पैसे देतील. ओरखड्याचे देतील. ज्या मॉडेलला दुकानात कोणी विचारलं नाही, ते शोधत फिरतील. खोकं आणि बिल ज्याने जपलं तो सगळ्यांत शहाणा ठरेल. आणि तोंड ज्याने रंगवलं त्याचं सगळं गेलं. बाईचं तोंड काय, घड्याळाचं काय, रंगवलं की..."

"माझं तोंड मध्ये आणू नका," वहिनी आतून म्हणाल्या.

आज माझा भाचा मोबाइलवर जगभरच्या घड्याळांचे लिलाव बघत बसतो. मावशी, हे बघ, म्हणून दाखवतो. उन्हाने तपकिरी झालेली तबकडी, खाली लिहिलेली किंमत वाचून घशाला कोरड पडेल. तेव्हा दुकानात न खपलेली मॉडेलं सगळ्यांत महाग. रिकाम्या खोक्यांचे वेगळे लिलाव. मी ते बघते आणि मला कोबीची भाजी आठवते. साहेब जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांनी कुठली मासिकं वाचली नव्हती, परदेशी पाऊल ठेवलं नव्हतं. मी एकदा विचारलं होतं की तुम्हाला हे कळतं कसं. "माणसं बघून," ते म्हणाले. "जे टाकून देतात तेच पुढे आठवून रडतात. घड्याळाचं काय नवीन आहे?" आम्ही ज्याला हसलो त्यातलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं झालं. एवढ्या डोळस माणसाशेजारी मी रोज बसच्या रांगेत उभी होते, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

मुलुंडच्या त्या पहिल्या भेटीत निघताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांचं एकच राहिलंय बघ. चंद्राचं."

चंद्राचं घड्याळ म्हणजे काय ते साहेबांनी दुसऱ्या दिवशी रांगेत सांगितलं. तबकडीत खाली एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात चंद्र. आकाशातला जसा वाढतो, कमी होतो, तसा तोही. पहिल्या पगाराच्या दिवशी फोर्टातल्या एका दुकानाच्या काचेआड त्यांनी ते पाहिलं होतं आणि दुकानदाराने हाकलेपर्यंत बघत उभे राहिले होते. "एवढ्याशा डब्यात पौर्णिमा बसवली होती कुणीतरी," ते म्हणाले. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे डोळे असे लकाकलेले मी पाहिले नव्हते.

आणि हे सांगितलं ते आमच्या शेजारणीच्या घड्याळाबद्दल काही ठाऊक नसताना. मलाही नव्हतं.

आम्ही घाटकोपरला भटवाडीत चाळीत राहायचो. आमच्या शेजारी मालवणकडच्या एक काकू होत्या. नवरा बोटीवर खलाशी होता, तो वारल्यावर साड्यांना फॉल लावून त्यांनी घर चालवलं. स्टेशनजवळच्या एका साडीच्या दुकानाचं काम त्यांच्याकडे येई. सगळं हातशिलाईचं, पण टाका असा की शोधून सापडू नये. दुकानदाराने एक दिवस सांगितलं की दिवाळीपासून पिको-फॉल दोन्ही मशीनवर पाहिजे, गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नाही; ज्यांच्याकडे मशीन त्यांनाच काम. काकूंकडे मशीन नव्हतं. ते काम गेलं असतं तर चूल कशावर पेटणार होती, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी रडारड केली नाही. ट्रंकेतून नवऱ्याचं घड्याळ काढलं आणि माझ्याकडे आल्या. "गो, तुझे सायब घड्याळा घेतत मां? ह्या बघ कितक्याक जाता ता."

मी रुमाल सोडला. दुधाच्या चहासारखी झालेली तबकडी आणि तिच्यात खाली खिडकी. खिडकीत अर्धा चंद्र.

त्या रविवारी साहेब चाळीत आले. काकूंनी घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि साहेब बसलेच नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहिले, भिंग काढलं, डोळ्याला लावलं, परत खिशात टाकलं. मग म्हणाले, "कुठे मिळालं?"

"घोवान हाडल्यानी. खंयच्या तरी बंदरात घेतल्यानी," काकू म्हणाल्या. "माका संकष्टीक कॅलेंडर बघूचा लागा नाय. ह्याच्यातच कळा."

आता साहेब भावाबद्दल गप्प राहिले असते तर कोण विचारणार होतं? काकूंना हवं होतं एक मशीन. कोणताही दुकानदार एका मिक्सरवर त्यांची बोळवण करणार होता. साहेबांनी मिक्सरच्या वर चार पैसे ठेवले असते तरी काकूंनी हात जोडले असते. साहेबांनी नियमाप्रमाणे बोलायला सुरुवात केली.

"बाई, आज बाजारात हा मिक्सर आहे. पण खरी किंमत ती नाही. पुढे याच्यात मशीन येईल, मोटर, टेबल सगळं धरून. त्याच्याही पुढे रंगीत टीव्ही, फ्रीज, काय म्हणाल ते. विकू नका."

"फुडे म्हणजे कधी?"

"वीस वर्षं."

काकू हसल्या. "सायबानु, दिवाळी तोंडार इली. वीस वर्सा दुकानदार थांबतलो?"

"आठ दिवस द्या," साहेब म्हणाले, आणि घड्याळ परत देऊन इतक्या भरभर जिना उतरले की मला चप्पल घालायलाही वेळ मिळाला नाही.

पुढच्या रविवारी मी गॅलरीत दात घासत होते तर खालून हातगाडी चढताना दिसली. भटवाडीचा तो चढ, गाडीवाला पुढून ओढतोय आणि आमचे साहेब मागून ढकलतायत, बुशशर्ट घामाने पाठीला चिकटलेला. गाडीवर सुतळीने बांधलेलं पिको-फॉलचं कोरं मशीन, मोटरवालं, टेबलासकट. मी धावत खाली गेले.

"साहेब, हे कुठून?"

"डबा रिकामा केला," ते म्हणाले.

मला पटकन कळलंच नाही. मग कळलं. बांगड्यांचा डबा! सगळी घड्याळं फोर्टातल्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. "त्याने पुढचे भाव सांगितले का तुम्हाला?" मी चिडून म्हटलं. "त्याला माहीत असते तर सांगितले असते की," साहेब हसत म्हणाले. "वीस वर्षांनंतरचा भाव कोणी आजच दिला तर बाईंना थांबायची गरज काय?" असं कोणी करतं का? मी आजवर माणसं पाहिली ती पुढचा फायदा आज खिशात घालणारी. पुढची किंमत आज मोजणारा हा एकच. त्याच्यापुढे मला माझं हसणं किती स्वस्त होतं ते कळलं.

मशीन सुतळीसकट गॅलरीत आलं. दारात भिंतीशी टेकवलं. चाळ जमा झाली. काकू बाहेर आल्या, मशीन बघून तोंडाला पदर लावला, आत गेल्या आणि नव्या रुमालात बांधलेलं घड्याळ घेऊन आल्या. "तुमका देवचा म्हटल्यार," त्या म्हणाल्या, "तसाच मळका कसा देतलंय? ठेसनाकडल्या कारागिराकडे नेलंय. बघा कसा उजाळून दिल्यान."

साहेबांनी रुमाल सोडला.

पांढरीफेक तबकडी. काळेभोर आकडे. कंपनीचं नाव जरासं उजवीकडे कललेलं. खिडकीतला चंद्रसुद्धा सोडला नव्हता त्या पठ्ठ्याने. त्याला डोळे, नाक आणि हसरं तोंड काढलं होतं.

एका सप्लायरने हौसेने पॉलिश केलेलं घड्याळ दाखवलं होतं तेव्हा साहेबांनी त्याला ऑफिसबाहेर काढलं होतं, हे मी पाहिलं होतं. साहेब त्या चंद्राकडे बघत राहिले. चाळीतली पोरं "दाखवा ना, दाखवा ना" करत होती.

"काय झाला?" काकूंनी विचारलं. "बरा नाय दिसत?"

"बाई," साहेब म्हणाले, "छान दिसतंय. पण मला सांगायला हवं. मी जो भाव सांगितला होता तो जुन्या तोंडाचा होता. रंगवलं की तो भाव जातो. सगळा जातो."

काकू पांढऱ्या पडल्या. "म्हणजे मी वाट लावलंय?"

"तुम्ही नाही. मी सगळ्या मुंबईला सांगत फिरतो, रंगवू नका, रंगवू नका. तुमच्या घरात हे हातात आलं आणि मी येडा झालो, तेवढंच सांगायचं राहिलं. अर्धंच भाकीत सांगितलं मी. चूक माझी, सौदा कायम. मशीन तुमचं."

"ता जमाचा नाय," काकू ताठ झाल्या. "चेडवाक सासरी धाडताना न्हाऊमाखू घालून धाडतत, तसा मी केलंय. चुकला तर चुकला. पण मोल नाय त्या वस्तूचा मोल मी घेवचंय नाय. माका फुकटचा नको. परत न्या ता."

"मी शब्द दिलाय, बाई."

"तुमचो शब्द तुमच्याकडे ठेवा."

आयुष्यात असा सौदा मी पाहिला नाही. देणारा म्हणतोय घ्या, घेणारी म्हणतेय नेऊन टाका. दोघंही हट्टाला पेटलेले, दोघांचेही आवाज चढलेले. मी मध्ये पडून "काकू, अहो दिवाळी" एवढं म्हणाले तर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. त्यांना दिवाळी माझ्यापेक्षा जास्त दिसत होती. काम जाणार होतं, चूल थंडावणार होती, आणि तरीही ती बाई हटत नव्हती. गाडीवाला कंटाळून पायरीवर बसला होता. "साब, खोलू की वापस ले जाऊ? मेरेको दुसरा फेरा है."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग घड्याळ कानाशी धरलं, थोडा वेळ ऐकलं.

"बाई, अजून एक सांगायचं राहिलं," ते सावकाश म्हणाले. "आधी लोक जुनी तोंडं शोधतील, ते खरं. पण ती संपतील. आणि हे स्टेशनाबाहेरचे कारागीरही संपतील. एका केसाच्या ब्रशाने एवढ्याशा खिडकीत चंद्र हसवणारा माणूस पुढे शोधून मिळायचा नाही. मग कोणीतरी विचारेल, मुंबईत म्हणे असा चंद्र काढायचे, तो कुठे बघायला मिळेल? त्या दिवशी या घड्याळाचा भाव जुन्या तोंडापेक्षा वर जाईल. मशीन तर मशीन, वर आणखी काहीतरी."

बोलताना ते घड्याळाकडे बघत नव्हते. काकूंच्या दारातल्या फॉलच्या गठ्ठ्याकडे बघत होते.

"खरा सांगतास?" काकूंनी विचारलं.

"भावाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. हिला विचारा. रोज माझ्याबरोबर असते."

काकूंनी माझ्याकडे वळून पाहिलं. अख्ख्या चाळीने पाहिलं. साहेबांनी मात्र पाहिलं नाही. ते खाली मान घालून रुमालाची घडी करत होते, आणि त्या क्षणी मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"नाय काकू," मी म्हटलं. "साहेब भावात खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नाही."

काकूंनी माझ्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. मग ती साहेबांकडे गेली, त्यांच्या घामेजल्या शर्टाकडे, त्यांच्या हातातल्या रुमालाकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मी पुढे कधी विचारलं नाही. पदर खांद्यावर नीट घेतला, डोळे पुसले आणि पायरीवरच्या गाडीवाल्याला म्हणाल्या,

"सोड रे ती सुतळी. हळू सोड, नवा आसा ता."